गेटापासून कोपऱ्यापर्यंत

आमच्या मोठ्या बाईंची आठवण निघाली की माझं डोकं तापतं. थोडं त्यांच्यावर, जास्त त्यांच्या गल्लीवर, आणि जालन्यातल्या गॅरेजवाल्यांवर तर विचारूच नका. बायको म्हणते, "अहो, बाई रिटायर झाल्या, तुमचा राग कधी रिटायर व्हायचा?" होईल तेव्हा होईल. अजून नोकरीत आहे.

मंठ्याच्या अलीकडं, रोडपासून आत, एका गावात आमची शाळा. बाई तिथं मुख्याध्यापिका, मी इतिहासाचा मास्तर. दोघंही जालन्याहून अप-डाऊन करायचो. गाडी बाईंची. पांढरी, छोटी, पेट्रोलवरची, मूळ त्यांच्या नवऱ्याची. तो माणूस एकाएकी गेला आणि बाईंनी वर्षाच्या आत गाडी शिकून घेतली. पन्नाशीला टेकलेली बाई, जुन्या जालन्यातली, डोक्यावरून पदर घेणाऱ्या घरातली. मंठा रोडवर त्यांनी ट्रकला मागं टाकलं की ट्रकवाला खिडकीतून निम्मा बाहेर येऊन बघायचा. बाई त्याच्याकडं मान वळवायच्या नाहीत. म्हणायच्या, "बघू द्या मेल्याला. खड्ड्यात जाईल तेव्हा समोर बघंल."

बाईंना एक खूळ होतं. कुठलीही तक्रार त्यांना शब्दांत चालायची नाही. आवाज काढून दाखवावा लागायचा. "बाई, पंख्यातून कसलातरी आवाज येऊन राह्यला," असं आमचा क्लार्क म्हणाला की संपलं.

"कसलातरी म्हंजे कसला? काढून दाखवा."

मग तो रिटायरमेंटला आलेला माणूस स्टाफरूममध्ये उभा राहून 'खुडुक खुडुक' करायचा. बाई डोळे मिटून ऐकायच्या.

"खुडुक का खुळुक?"

"खुळुक... बहुतेक."

"बहुतेक नको. परत काढा."

पाचवीतली एक पोरगी पोट दुखतं म्हणून रडत आली तर तिलाही तेच. "कसं दुखतं? आवाज काढ." पोरीनं मुसमुसत बारीक गुरगुर काढली. बाईंनी आपला डबा उघडून भाकरी तिच्या हातावर ठेवली आणि म्हणाल्या, "हे दुखणं न्हाई, ही भूक हाय." दुसऱ्या दिवशी तिच्या बापाला बोलावून असा झाडला की तो शाळेच्या भिंतीला धरून उभा होता.

चुकायच्याही. शाळेच्या बोअरची मोटार घरघरायला लागली तेव्हा बाईंनी कान लावला आणि जाहीर केलं, "हिचं आयुष्य संपलं." नव्या मोटारीसाठी पंचायतीकडं भांडण काढलं, सरपंचाला दोन दिवस झोपू दिलं नाही. निघालं काय? पाइपात बेडूक अडकला होता. बाईंनी चूक कबूल केली असेल असं वाटतं का? "बेडकानं मोटारीसारखा आवाज काढला त्यात माझा काय दोष?" म्हणे.

रविवारी सकाळी मी चहाचा कप तोंडाला लावला की फोन यायचा. हॅलो नाही, नमस्कार नाही. फोन कानाला लावला की थेट "कर्रर्रर्र-खट्!" आणि मग, "सर, कालच्यापेक्षा खट् वेगळा हाय न्हाई?" बायको विचारायची, कोणाचा फोन? मी सांगायचो, गाडीचा.

तो कर्रर्र म्हणजे आमच्या आयुष्यातली साडेसाती. गाडी सुरू करताना यायचा. रोज नाही. चार वेळा गुमान सुरू व्हायची आणि पाचव्यांदा, चावी फिरवली रे फिरवली की, लोखंडावर लोखंड घासल्यासारखा असा आवाज की शाळेच्या पिंपळावरचे कावळे उठायचे. मग गाडी सुरू होऊन शहाण्यासारखी चालायची. बाई तिथंच स्टेअरिंगवर हात ठेवून आवाज परत काढून बघायच्या. तोंडानं. हुबेहूब. कावळे परत उठायचे.

पहिल्या गॅरेजमध्ये गेलो तो दिवस मला आठवतो. बाईंनी मिस्त्रीला सगळं नीट सांगितलं. कधी येतो, किती वेळ टिकतो, गाडी गार असताना की गरम. शेवटी आवाजही काढून दाखवला. मिस्त्री तोपर्यंत फडक्यानं हात पुसत होता. बाईंचं झालं तसा तो माझ्याकडं वळला.

"काय प्रॉब्लेम हाय, साहेब?"

मी! मला सायकलची उतरलेली चेन बसवता येत नाही. पेट्रोलचं झाकण कुठल्या बाजूला असतं ते मला अजून विचारावं लागतं. मी म्हणालो, "गाडी त्यांची आहे. त्यांना विचारा." तो हसला. "त्या सांगतेत ते ठीक हाय, पण एक्झॅक्ट काय होतं?" आणि त्यानं स्वतः चावी फिरवली. गाडी लोण्यासारखी सुरू झाली. "आवाज कुठंय? बॅटरी जरा डाऊन वाटती. बदलून टाकू."

बाई म्हणाल्या, "बॅटरी डाऊन असली तर टक-टक-टक होतं. हा टक-टक न्हाई, कर्रर्र हाय."

तो मला म्हणाला, "साहेब, बॅटरीच हाय."

बॅटरी बदलली. कर्रर्र जिथल्या तिथं. दुसऱ्या गॅरेजवाल्यानं बेल्ट बदलला. बाई म्हणाल्या, बेल्ट घसरला तर चीऽऽ होतं, कुत्र्याच्या पिल्लाच्या शेपटीवर पाय पडल्यावर होतं तसं. ऐकतो कोण? उलट त्यानं मला बाजूला घेतलं आणि डोळा मारून म्हणाला, "मॅडमच्या कानातच असंल आवाज." माझ्या मुठी वळल्या. मास्तर माणूस, काय करणार? खिशात हात घालून उभा राहिलो.

 परत येताना बाईंनी मोती तलावापाशी गाडी बाजूला घेतली आणि म्हणाल्या, "सर, आता तुम्ही बोलायचं. मी शिकवते."

"काय?"

"कर्रर्र. काढा."

मी काढला. "ही शेळी हाय. घशातून काढा. दातातून नको." पुढचे दोन दिवस जाता-येता माझी तालीम. शेतात खुरपणाऱ्या बाया खुरपी थांबवून बघायच्या. मला भयंकर राग यायचा, पण बाई कोणाला सोडतात? तिसऱ्या गॅरेजमध्ये मी छाती पुढं काढून उभा राहिलो आणि पाठ केलेलं सगळं म्हणून टाकलं. सुरू करतानाच येतो, बेल्टचा नाही, बॅटरीचा नाही, मग कर्रर्र काढला. शब्द न् शब्द बाईंचा.

मिस्त्रीचा चेहरा उजळला. "हां! बराबर, साहेब. बिलकुल स्टार्टरचं काम हाय. तुमच्यासारखं सांगणारं गिऱ्हाईक पाहिजे बघा." त्यानं माझ्यासाठी चहा मागवला. माझ्यासाठी! बाई पर्स छातीशी धरून टायरच्या ढिगाशेजारी उभ्या होत्या. मी तो चहा त्यांच्या हातात दिला. त्यांनी एक घोट घेतला आणि उरलेला तिथल्या मातीत ओतला.

नवा स्टार्टर बसला. माझ्यासमोर तरी गाडी महिना-दोन महिने चिडीचूप. बाई खूश होत्या. म्हणजे एखाद्यावर दिवसातून एकदाच ओरडायच्या. आणि मग एका दुपारी, शाळा सुटल्यावर, पोरं गेटात उभी असताना, परत तो कर्रर्र आला.

आता बाईंच्या घरचं सांगितलं पाहिजे, त्याशिवाय पुढचं कळणार नाही.

घरात थोरले दीर. सगळे त्यांना दादा म्हणायचे. मोंढ्यात अडतीचं दुकान, पांढरा शर्ट, कपाळाला अष्टगंध. माणूस वाईट नाही, आणि हीच तर पंचाईत. वाईट माणसाचा राग कसा सरळ करता येतो. नवरा गेला तेव्हा भाऊबंदांनी गाडी विकायला काढली होती, कोणी म्हणालं पुतण्याला द्या. दादांनी सगळ्यांना गप्प केलं. "नोकरी तिची, गाडी तिची. कोणी बोलायचं न्हाई." एक अट मात्र त्यांनी घातली. घराच्या गेटापासून गल्लीच्या कोपऱ्यापर्यंत गाडी दादा काढून देणार. कोपऱ्याच्या पुढं बाईंनी मुंबईला नेली तरी हरकत नाही. पण गल्लीनं बघताना गाडीवर घरातला बाप्या माणूस दिसला पाहिजे. आपल्यात तसं बरं दिसत नाही, म्हणे.

मी रोज कोपऱ्यावरच्या पिठाच्या गिरणीपाशी थांबायचो. गिरणीच्या धडधडीत दुसरं काही ऐकू यायचं नाही. गल्लीतून गाडी यायची, दादा चालवत, बाई मागं बसलेल्या, डोक्यावरून पदर. दादा उतरायचे, चावी तशीच ठेवायचे, मला रामराम करायचे. बाई पुढं येऊन बसायच्या, पदर डोक्यावरून खाली यायचा, कमरेला खोचला जायचा, आणि गाडी सुटायची. संध्याकाळी बाई कोपऱ्यावरून जाऊबाईंना, म्हणजे दादांच्या बायकोला, फोन करायच्या आणि दादा गाडी आत न्यायला यायचे.

या दोघांत थेट बोलणं नव्हतं. थोरला दीर आणि धाकट्या भावाची बायको, जुन्या घरांतून असतंच ते. दादांना काही सांगायचं असलं की जाऊबाईंकडं बघून सांगायचे, "तिला म्हणावं, टायरात हवा कमी हाय." बाई तिथंच उभ्या. त्याही जाऊबाईंना म्हणायच्या, "दादांना सांगा, भरून घेते." शाळेत आवाज काढून दाखवा म्हणून सगळ्यांना पळवणारी बाई घरात भिंतीशी बोलल्यासारखी बोलायची. हे मला कळलं तेव्हा बाईंचाच राग आला. म्हणलं, हिचा सगळा जोर आमच्यावरच का?

स्टार्टर परत वाजायला लागल्यावर आम्ही त्याच गॅरेजात गेलो. त्यानं यावेळी गिअरबॉक्स उतरवला आणि मला हाक मारली. मला! "साहेब, इकडं या, हे बघा." आत एक मोठी दातेरी रिंग होती. तिचे एका बाजूचे दात झिजून, तुटून गेले होते, म्हाताऱ्याच्या तोंडासारखे. "गाडी बंद होताना इंजिनाचं हे चाक नेमकं इथं थांबलं की आवाज येतो. दुसरीकडं थांबलं की येत न्हाई. म्हणून कधी येतो, कधी न्हाई." माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला. म्हणजे आवाज खरा होता! बाईंच्या कानातला नव्हता! मी बाईंकडं बघून हसणार तेवढ्यात तो पुढं म्हणाला, "पण हे दात खाल्ले कोणी सांगू? चालू गाडीवर कोणीतरी परत सेल मारतंय. गाडी सुरू झालेली असती, तरी चावी फिरवून धरतेत. इंजिन फिरतंय आणि वरून स्टार्टर घुसतो. दात राहतील कसे?"

मग त्यानं आवाज खाली आणला, पण इतका नाही की बाईंना ऐकू येऊ नये. "मॅडमला जरा शिकवा, साहेब. लेडीज लोक घाबरून चावी सोडतच न्हाईत."

मी बाईंकडं बघितलं. आता ज्वालामुखी फुटणार. हातात पाना असता तर मीच तो मिस्त्रीच्या पायावर टाकला असता. पण बाई गप्प. एवढ्याशा पंख्याच्या खुडुक-खुळुकवरून आभाळ डोक्यावर घेणारी बाई मूग गिळून उभी. नुसत्या म्हणाल्या, "सर, चला."

गिअरबॉक्स परत चढवून घेतला, रिंग तशीच ठेवली, आणि निघालो. गाडीत मी विचारलं, "बाई, खरंच तुम्ही चावी धरून ठेवता का?"

करकचून ब्रेक.

"उतरा."

"अहो बाई, मी आपलं..."

"उतरा म्हणलं ना!"

मंठा चौफुलीच्या ऐन उन्हात मला उतरवलं आणि गेल्या. मी शिव्या घालत चालायला लागलो. थोडं पुढं गेलो तर गाडी बाजूला उभी. काच खाली. बाई समोर बघत बसल्या होत्या.

"बसा. तुम्ही सुदीक मिस्त्रीच निघाले." मी बसलो. मग म्हणाल्या, "दादांना ऐकू येत न्हाई."

मला अर्थ लागेना.

"गेल्या दोन वर्षांत कान गेले त्यांचे. कोणाला सांगत न्हाईत. हां-हां म्हणून भागवतेत. हात त्यांचा जुन्या डिझेल जीपवर बसलेला, तिला लई वेळ चावी धरावी लागायची. ही एका झटक्यात सुरू होती. पण त्यांना ऐकू कुठं येतं सुरू झालेली? ते धरून ठेवतेत. सोडतेत, परत मारतेत. रोज सकाळी. आणि मी मागं बसलेली असते, सर. पदर घेऊन. माझ्या पाठीतून निघतो तो कर्रर्र."

"मग सांगत का नाही?"

"कसं सांगू? जाऊबाईंमार्फत सांगावं तर नवऱ्याचे कान गेले हे त्या कबूलच करत न्हाईत. हळू बोललं तर त्यांना ऐकू येत न्हाई. मोठ्यानं बोललं तर सून थोरल्या दिरावर ओरडली म्हणून सगळ्या गल्लीला ऐकू येतं."

मी म्हणालो, "मग आपण गॅरेजं कशाला हिंडलो? तुम्हाला तर ठाऊक होतं."

"वाटलं, निघंल काहीतरी गाडीतच. गाडीचा दोष निघाला असता तर बरं झालं असतं."

तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात तो हा. आणि वर चोर सोडून संन्याशाला फाशी. मला इतका संताप आला की मी डॅशबोर्डवर मूठ आपटली. बाई म्हणाल्या, "त्याला मारू नका, त्यानं काय केलं?" मग सांगितलं खरं दुखणं. दादांनी ठरवलं होतं, गाडी खराब झाली, बाईमाणसाला झेपली नाही, आता विकून टाकायची. रविवारी गाड्यांचा दलाल बघायला येणार होता. हेही जाऊबाईंमार्फतच कळलेलं.

"बसनं जाईन मी, त्याचं काय न्हाई," बाई म्हणाल्या. "आधी जातच होते. पण सर, शाळा शिक्षणखात्याच्या साहेबाच्या म्हणण्यानं चालती. घर दादांच्या. पोरगं पुण्याला, ते त्याच्या म्हणण्यानं. ही एक गाडी माझ्या म्हणण्यानं वळती." गिअर टाकला. "रविवारी सकाळी घरी या. कान घेऊन या."

रविवारी मी गेलो. पहिल्यांदाच गल्लीच्या आत. दोन्ही बाजूंनी ओटे, ओट्यांवर माणसं. कोणी पेपर वाचतंय, कोणी दात घासतंय, कोणी कोथिंबीर निवडतंय. सगळ्यांना ठाऊक होतं की आज गाडी जाणार. दलाल आलेला, गॉगल कपाळावर. जाऊबाई दारात. बाई त्यांच्या मागं, पदर घेऊन.

दादा गाडीत बसले. चावी फिरवली. गाडी एका दमात सुरू झाली, मला स्पष्ट ऐकू आलं. दादांनी चावी सोडली नाही. कर्रर्रर्रर्र! सोडली, परत मारली. कर्रर्रर्रर्र! माझे दात शिवशिवले. दलालानं तोंड वाकडं केलं. ओट्यावरच्या म्हाताऱ्यानं कानावर हात ठेवला. आणि तेव्हा मी बघितलं, दादा सगळ्यांच्या तोंडाकडं बघत होते. त्यांना आवाज ऐकूच येत नव्हता. तो त्यांना आमच्या चेहऱ्यांवरून कळायचा.

"बघा," दादा म्हणाले, "मी म्हणलं न्हवतं? लई आवाज करती." आणि गाडी बंद केली.

दलाल म्हणाला, "ही तर कामातून गेली, साहेब. भंगारच्या भावात बोला."

समोरच्या ओट्यावर कोणीतरी हसलं. पेपरच्या आड. फिस्सकन.

झालं. बाई जाऊबाईंना बाजूला सारून पायऱ्या उतरल्या, गल्लीच्या मध्यात उभ्या राहिल्या, आणि तोंड उघडून, मान वर करून, सगळा जीव घशात आणून आवाज काढला.

"कर्रर्रर्रर्रर्र!"

गल्ली दगड झाली. दात घासणाऱ्याच्या तोंडातला फेस तसाच.

"ओळखला का?" बाई ओरडल्या. "ओळखला ना? रोज सकाळी ऐकता ना? तुम्ही हो, काका, तुमच्या खिडकीखाली वाजतो. आणि तुम्ही, वहिनी, पोरांच्या अभ्यासाला त्रास होतो म्हणून जाऊबाईंकडं आलत्या ना? एकानं तरी म्हणलं का, दादा, गाडी सुरू झाली, चावी सोडा? तुमच्याबरोबर विड्या ओढतेत ते, तुमच्याबरोबर भजनाला बसतेत! एवढं सांगायला जीभ झिजली असती? माघारी हसता. बाईनं गाडीची वाट लावली म्हणता. मला बोलायची चोरी हाय, तुम्हाला कोणती हाय?"

पेपर वर गेला. कोथिंबीरवाली आत गेली.

दादा गाडीतून उतरले होते. काय चाललंय त्यांना कळेना. तोंडं हलताना दिसत होती, भावजय भर गल्लीत पदर पडलेला, हात वर करून काहीतरी बोलती एवढं दिसत होतं. ते घाबरल्यासारखे माझ्याकडं आले.

"सर," त्यांनी मला विचारलं, "काय म्हणती ती?"

मी तोंड उघडलं. सवयच लागलेली, बाईंचं बोलणं माझ्या तोंडानं सांगायची.

"तुम्ही गप्प बसा, सर," बाई म्हणाल्या. "माझं मी सांगते."

त्या गाडीपाशी गेल्या. दादांच्या समोर उभ्या राहिल्या, जाऊबाईंकडं न बघता, भिंतीकडं न बघता, थेट. बोनेटवर आपला तळहात दोनदा थापटला आणि दादांकडं बोट केलं. दादांनी आधी बायकोकडं बघितलं. मग हळूच पुढं येऊन बोनेटवर हात ठेवला. बाई गाडीत बसल्या. चावी फिरवली आणि लगेच सोडली. कसला आवाज नाही, नुसती बारीक गुणगुण.

दादा हात ठेवून उभे. खालून थरथर लागली असणार. त्यांनी हात उचलला, तळव्याकडं बघितलं, परत ठेवला. बराच वेळ ठेवला. मग खिडकीशी वाकले आणि इतक्या वर्षांत पहिल्यांदा, मधे कोणाला न घालता, बाईंना विचारलं.

"सुरू झाली?"

बाईंनी मान हलवली.

"मंग मी... रोज...?"

बाईंनी परत मान हलवली. ओरडल्या नाहीत. एवढ्या जवळून ओरडायची गरजच नव्हती.

दादांचा चेहरा मला बघवला नाही. त्यांनी गॉगलवाल्याला हातानंच जा म्हणून सांगितलं. तो कुरकुरला, "मंग बोलावलं कशाला, खाली-पिली?" दादांना ते ऐकू आलं नाही, बरं झालं. ते चालत गेले आणि गेटाची दोन्ही दारं त्यांनी स्वतः उघडून धरली. बाईंनी कमरेला पदर खोचला आणि गाडी गेटातून काढली. मी पळत जाऊन बसलो. कोपऱ्यापर्यंत एकाही ओट्यावर माणूस नव्हतं. बायामाणसांची इज्जत चावडीवर मांडणारी माणसं, स्वतःवर आलं की बरोबर आत जातात. त्या गल्लीवर माझा राग आहे तो यासाठी, आणि तो मी मरेपर्यंत ठेवणार आहे.

"कुठं चाललो?" मी विचारलं.

"रिंग बदलायची हाय."

रविवार असला तरी गॅरेज उघडं होतं. तोच मिस्त्री, तेच फडकं. गाडी थांबली. बाई त्यांच्या बाजूनं उतरल्या, मी माझ्या. तो सरळ माझ्याकडं आला. "या साहेब, काय म्हणते गाडी?"

मी त्याच्याकडं पाठ केली. समोरच्या टपरीवर जाऊन चहा सांगितला आणि गॅरेज दिसणार नाही असा बाकावर बसलो. मागं आधी मिस्त्रीची हाक आली, "साहेब, ओ साहेब!" मी हललो नाही. मग बाईंचा आवाज चढला. मग कर्रर्रर्र आला, घशातून, दातातून नाही. टपरीवाल्याच्या हातातली गाळणी थबकली.

माझा चहा आला. मी पहिला घोट घेतला तेव्हा मागून मिस्त्री म्हणत होता, "मॅडम, परत एकदा काढा बरं."